‘सहाय्यक’ या रकान्यातल्या बायका : युद्ध संग्रहालयांना खुले पत्र

प्रति,
युद्ध संग्रहालयांचे अभिरक्षक, तसेच सैनिकी इतिहास लिहिणारे, शिकवणारे आणि संपादित करणारे सर्वजण,

स. न. वि. वि.

मी इतिहासाची प्राध्यापक नाही, सैन्यातही नव्हते. मी वाचक आहे. बरीच वर्षं युद्धांचा इतिहास वाचते आहे आणि युद्ध संग्रहालय दिसलं की आत शिरून पाट्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. तुमची दालनं बहुतेक एकाच क्रमाने जातात : शस्त्रं, नकाशे, सेनापतींची चित्रं, पदकं. आणि कुठेतरी जिन्याजवळ किंवा बाहेर पडायच्या वाटेवर एक काचपेटी असते, ‘युद्धातील महिला’. तिच्यात परिचारिकेचा गणवेश, एखादं भरतीचं पोस्टर, दोन-चार फोटो. हे पत्र त्या काचपेटीविषयी आहे. ती रिकामी आहे अशी माझी तक्रार नाही. ती मुळात वेगळी का आहे, हा माझा प्रश्न आहे.

सुरुवात एका कबरीपासून करते. स्वीडनमध्ये बिर्का नावाचं व्हायकिंग काळातलं एक ठाणं होतं. तिथे १८७८ मध्ये दहाव्या शतकातली एक कबर उघडली गेली. आत सांगाड्यासोबत तलवार, कुऱ्हाड, भाला, चिलखत भेदणारे बाण, दोन ढाली, दोन घोडे आणि पटावर खेळायच्या सोंगट्यांचा संच. एवढी शस्त्रं पाहून हा पुरुष योद्धा, हे गृहीत धरलं गेलं. पुढे १९७० च्या दशकात हाडं तपासणाऱ्यांना सांगाडा बाईचा वाटला, पण त्या निरीक्षणाने काही बदललं नाही. शेवटी २०१७ मध्ये डीएनए तपासणी झाली आणि ती बाईच निघाली. मग लगेच शंका निघाल्या. हाडांची अदलाबदल झाली असेल का? शस्त्रं तिचीच कशावरून? नुसती मानाची म्हणून ठेवली असतील का? प्रश्न चुकीचे नाहीत, अभ्यासकांनी ते विचारलेच पाहिजेत. पण सांगाडा पुरुषाचा मानला जात होता त्या १३९ वर्षांत ते कुणाला पडले नव्हते. तीच तलवार, तेच घोडे, तोच पुरावा. पुरुष म्हटल्यावर तो पुरेसा होता आणि बाई म्हटल्यावर कमी पडू लागला.

बायका ‘विस्मृतीत गेल्या’ असं आपण म्हणतो. तो शब्द मला पटत नाही, कारण विस्मरण आपोआप होतं. इथे जे झालं ते नोंद करतानाच झालं. बायकांचं काम वेगळ्या रकान्यात लिहिलं गेलं आणि त्या रकान्यावर शीर्षक होतं ‘सहाय्यक’, ‘नागरी कर्मचारी’ किंवा ‘सैनिकाची विधवा’. रकान्यावरून पगार ठरला, पगारावरून पेन्शन, पेन्शनीवरून कागदपत्रं, आणि त्या कागदपत्रांवर विसंबून तुम्ही इतिहास लिहिला.

हा रकाना कसा भरला जात होता, ते विमानविरोधी तोफांच्या उदाहरणात स्वच्छ दिसतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये माणसं अपुरी पडू लागली, तेव्हा १९४१ पासून तोफांच्या मिश्र तुकड्या उभ्या राहिल्या. येणाऱ्या विमानाची उंची आणि अंतर मोजणं, आणि तोफ उडेपर्यंत ते कुठे पोचलेलं असेल याचं गणित करणारं ‘प्रेडिक्टर’ नावाचं यंत्र चालवणं, ही कामं बायकांकडे होती. हे गणित चुकलं तर गोळा आभाळात फुकट जाणार. पण प्रत्यक्ष तोफ डागायची ती पुरुषाने, कारण बायकांनी लढायचं नाही असा राजाज्ञेचा नियम होता. अशा रीतीने एकाच खड्ड्यात, एकाच बॉम्बवर्षावाखाली उभ्या असलेल्या माणसांपैकी काही ‘लढणारे’ ठरले आणि बाकीच्या ‘मदत करणाऱ्या’. पगार पुरुषांच्या दोन तृतीयांश. १९४२ मध्ये त्यांच्यातली एक मुलगी यंत्रावर काम करता करता बॉम्बच्या तुकड्याने मेली. बॉम्बने मात्र रकाना पाहिला नव्हता.

ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्कमध्ये जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडण्याचं काम चाले आणि तिथल्या मनुष्यबळात सुमारे तीन चतुर्थांश बायका होत्या. जोन क्लार्क ही गणितज्ञ तिथे एनिग्मा या जर्मन संकेतयंत्राचे संदेश उलगडायचं काम करायची. तिच्या कामाच्या दर्जाची बढती द्यायची तर त्या दर्जाचं पद बाईसाठी नव्हतंच. म्हणून तिला कागदोपत्री ‘भाषातज्ज्ञ’ केलं. एका अर्जावर तिने पद ‘भाषातज्ज्ञ’ लिहिलं आणि येणाऱ्या भाषांपुढे ‘एकही नाही’. उद्या कुणी फक्त त्या पदांच्या यादीवरून संशोधन केलं तर एक गणितज्ञ गायब होईल आणि तिच्या जागी कधीच नसलेली एक दुभाषी उभी राहील.

हॅरिएट टबमनचं उदाहरण तर माझ्या डोक्यातून जात नाही. गुलामीतून निसटलेली आणि पुन्हा पुन्हा परत जाऊन इतरांना सोडवून आणणारी म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकन यादवी युद्धात ती उत्तरेच्या सैन्यासाठी हेरगिरी करत होती. जून १८६३ मध्ये दक्षिण कॅरोलिनातल्या कंबाही नदीवर जी धाड पडली, तिच्यामागची माहिती आणि वाटाड्यांचं काम तिचं होतं. एका रात्रीत सातशेहून जास्त गुलाम मोकळे झाले. युद्ध संपल्यावर तिने मोबदल्यासाठी अर्ज केले आणि अनेक दशकं केले. अखेर १८९९ मध्ये महिना २० डॉलर मंजूर झाले : ८ डॉलर सैनिकाची विधवा म्हणून आणि १२ डॉलर परिचारिका म्हणून. हेरगिरीचे शून्य. ती परिचारिकाही होती, विधवाही होती, नोंदीत खोटं काहीच नाही. फक्त ज्या कामाने ती मोहीम घडली, त्या कामाला त्या कागदावर जागा नव्हती.

आता विमानं उडवणाऱ्या बायकांकडे येते. इथे मी जरा थांबणार आहे, कारण नोंदीचा परिणाम माणसाच्या मरणानंतरही कसा उरतो ते इथे कळतं.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात ‘वास्प’ नावाची महिला वैमानिकांची संघटना होती. पंचवीस हजारांहून अधिक अर्ज आले, १,०७४ जणी प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडल्या. कारखान्यातून नवी विमानं तळावर पोचवणं, दुरुस्त झालेली विमानं उडवून तपासणं आणि विमानामागे कापडी लक्ष्य ओढत उडत राहणं ही त्यांची कामं. त्या लक्ष्यावर जमिनीवरून शिकाऊ तोफची खरा दारूगोळा झाडायचे. ३८ जणी मेल्या. पण त्या सैन्यात नव्हत्या, नागरी नोकरीत होत्या. त्यामुळे मृतदेह घरी पाठवायचा खर्च सरकारकडून मिळत नसे, बरोबरच्या मुली वर्गणी काढायच्या. शवपेटीवर राष्ट्रध्वज घालायचाही हक्क नव्हता. त्यांना सैन्यात सामावून घेण्याचं विधेयक १९४४ मध्ये पडलं आणि त्याच डिसेंबरात संघटना बंद झाली.

पुढे १९७६ मध्ये अमेरिकी हवाई दलाने जाहीर केलं की आता पहिल्यांदाच बायकांना लष्करी विमानं उडवायला शिकवणार. हे ‘पहिल्यांदाच’ ऐकून तेव्हा साठीच्या आसपास पोचलेल्या या बायका उठल्या. त्या चिडल्या नसत्या तर तो शब्द तसाच पाठ्यपुस्तकांत गेला असता. त्यांनी लढा दिला आणि १९७७ च्या कायद्याने त्यांना माजी सैनिकांचा दर्जा मिळाला. गोष्ट तिथे संपली असं वाटलं होतं. पण २०१५ मध्ये त्यांच्यातल्या एलेन हार्मन यांचं निधन झालं, तेव्हा आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांच्या अस्थी ठेवायला नकार मिळाला. नातींनी मोहीम चालवली, २०१६ मध्ये आणखी एक कायदा करावा लागला, तेव्हा कुठे अस्थी तिथे गेल्या. १९४२-४४ मधल्या एका नोंदीचं ओझं तिसऱ्या पिढीने उतरवलं.

त्याच १९७७ च्या कायद्याचा आधार आणखी एका गटाला मिळाला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने दोनशेवर टेलिफोन ऑपरेटर मुली फ्रान्सला नेल्या. त्यांना फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही यायचं, आणि आघाडीवरचे हुकूम त्यांच्या हातून जोडलेल्या तारांवरून जायचे. त्यांनी शपथ घेतली होती, गणवेश घातला होता. परत आल्यावर त्यांना सांगितलं गेलं की तुम्ही सैनिक नव्हताच. १९१८ ते १९७७. दर्जा मिळाला तेव्हा त्यांतल्या फार थोड्या जिवंत होत्या.

इथे तुमच्यातले काहीजण म्हणतील, आणि मला हे म्हटलं गेलं आहे, की लढणं आणि मदत करणं यांत फरक आहे, सैनिकी इतिहास हा मुळात लढणाऱ्यांचा इतिहास आहे. मी या युक्तिवादावर बराच विचार केला. तो खरा मानायचा तर तो सर्वांना लावायला हवा. त्याच सैन्यातला तारायंत्रावरचा पुरुष सैनिक होता. रसद वाहणारा ड्रायव्हर सैनिक होता. नकाशे काढणारा, भाकरी भाजणारा, कारकुनी करणारा, या सगळ्यांची नावं पलटणीच्या यादीत आहेत, स्मारकांवर कोरलेली आहेत, आणि ते योग्यच आहे. आधुनिक सैन्यात एका लढणाऱ्यामागे कितीतरी न लढणारी माणसं लागतात. म्हणजे पुरुषाच्या बाबतीत गणवेश पुरेसा आणि बाईच्या बाबतीत बंदुकीचा चाप लागतो, असे दोन निकष झाले. आणि चाप मिळाला तरी पुरेसं नव्हतं. पर्ल विदरिंग्टन ही ब्रिटिश गुप्तहेर १९४३ मध्ये पॅराशूटने फ्रान्समध्ये उतरली. १९४४ मध्ये वरिष्ठ पकडला गेल्यावर तिने तिथल्या गुप्त गटाचं नेतृत्व हाती घेतलं, दीड हजारावर सशस्त्र बंडखोर तिच्या हुकमतीखाली होते. तिच्यासाठी मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकाची शिफारस झाली, पण तो बायकांना मिळत नव्हता. मग नागरी गटातला सन्मान देऊ केला गेला. तिने तो नाकारला, आपण केलेल्या कामात नागरी असं काही नव्हतं, हे स्पष्ट सांगून. पॅराशूटधारकाचं पंखांचं चिन्ह तिला मिळालं २००६ मध्ये.

आता तुमच्या दालनातल्या नायिकांविषयी, आणि इथे माझं मत कदाचित कुणाला रुचणार नाही. निवडक दोन-चार वीरांगनांची मोठी चित्रं लावणं हीसुद्धा बाकीच्यांना पुसायची रीत होऊ शकते. एक बाई अपवाद म्हणून उभी केली की नियम जागच्या जागी राहतो. सोव्हिएत स्नायपर ल्युडमिला पावलिचेन्को, जिच्या नावावर ३०९ शत्रू सैनिक नोंदले आहेत, १९४२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली. पत्रकारांनी विचारलं की आघाडीवर मेकअप करायची परवानगी असते का, आणि तिच्या गणवेशाच्या स्कर्टच्या लांबीवर टिप्पणी केली. ती एक नवल होती. पण सोव्हिएत सैन्यात बायका सुमारे आठ लाख होत्या. आठ लाख हे नवल नसतं, ते मनुष्यबळ असतं. ५८८ वी रात्रबॉम्बर रेजिमेंट घ्या, जिचं नाव पुढे ४६ वी गार्ड्स झालं. लाकूड आणि कापडाची पो-२ विमानं, एकेका रात्रीत अनेक फेऱ्या. वैमानिक बायका, दिशादर्शक बायका, हाताने बॉम्ब उचलून विमानाला लावणाऱ्याही बायकाच. जर्मनांनी त्यांना ‘रात्रीच्या चेटकिणी’ म्हटलं, आणि तुमच्या कितीतरी पाट्यांवर आज तेच नाव ठळक टायपात असतं. शत्रूने घाबरून ठेवलेलं नाव आकर्षक आहे हे मान्य. पण रेजिमेंटला स्वतःचं नाव होतं, तेही तितक्याच मोठ्या अक्षरांत हवं. युद्ध संपल्यावर, जुलै १९४५ मध्ये, सेवेतून मोकळ्या होणाऱ्या मुलींना सोव्हिएत राष्ट्रप्रमुख कालिनिन यांनी सल्ला दिला की आपल्या सेवेविषयी तुम्ही स्वतः बोलू नका, ते इतरांना बोलू द्या. इतर बोलले नाहीत.

आझाद हिंद फौजेतल्या झाशीची राणी रेजिमेंटचंही असंच झालं. १९४३ मध्ये सिंगापूरला ती उभी राहिली. कॅप्टन लक्ष्मी आठवतात, आणि आठवायलाच हव्यात. पण त्या फळीत मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या कितीतरी मुली होत्या. ज्या देशासाठी त्या बंदूक शिकल्या, तो देश त्यांच्यातल्या अनेकींनी पाहिलेलाही नव्हता. त्यांच्याविषयी तुमच्या पाटीवर एक तरी वाक्य हवं. ताराबाईंचं उदाहरण जरा वेगळं आहे. १७०० मध्ये राजाराम महाराज गेल्यावर औरंगजेबाच्या मरणापर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, मराठ्यांचं युद्ध त्यांनी चालवलं. त्यांच्या राज्यकारभाराच्या आणि लष्करी समजेची ग्वाही मुघलांकडच्या खाफीखान या इतिहासकाराने दिली आहे. ती सात वर्षं म्हणजे एका युद्धनेत्याची कारकीर्द आहे, तरी सांगताना बहुतेकदा ती दोन मोठ्या पुरुषांच्या काळांमधली पोकळी म्हणून पटकन उरकली जाते.

सैन्याच्या मागून चालणाऱ्या बायकांना तर नावही धड मिळालं नाही. आपल्या भाषेत त्यांना आणि इतर सगळ्या बिनलढाऊ माणसांना एकच शब्द आहे, बुणगे, आणि तो शिवीसारखाच वापरला जातो. पानिपतानंतरच्या त्या प्रसिद्ध सांकेतिक निरोपात दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असं म्हटलं आहे. मी तो वाचते तेव्हा दरवेळी वाटतं, खुर्दा म्हणून तरी शिपाई त्यात आला. छावणीतल्या बायका कशात मोजल्या? युरोपातही निराळं नव्हतं. नेपोलियनशी लढणाऱ्या ब्रिटिश पलटणींबरोबर कंपनीमागे ठरावीक, साधारण सहा बायकांना परदेशी जाता यायचं. निघायच्या आधी चिठ्ठ्या टाकल्या जात, ‘जायचं’ आणि ‘राहायचं’. जिची ‘जायचं’ निघे तिला अर्धा शिधा मिळे आणि त्या बदल्यात धुणं, जखमींची शुश्रूषा आणि मैलोन्‌मैल पायपीट. जिची ‘राहायचं’ निघे ती बंदरावर रडत उभी. हे काम झालं नसतं तर पलटणीत ताप, उवा आणि हगवण यांनीच निम्मं युद्ध उरकलं असतं. हा भाग ‘सामाजिक इतिहास’ म्हणून दुसऱ्या कपाटात ठेवू नका. सैन्य पोटावर चालतं हे तुम्हीच आम्हाला शिकवलं आहे.

कारखान्यांचंही तेच. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तोफगोळ्यांत टीएनटी हे स्फोटक भरणाऱ्या मुलींची कातडी पिवळी पडायची, म्हणून लोक त्यांना कॅनरी, म्हणजे पिवळे पक्षी, म्हणत. लीड्सजवळच्या बार्नबो इथल्या कारखान्यात ५ डिसेंबर १९१६ च्या रात्री स्फोट झाला आणि ३५ बायका मेल्या. सेन्सॉरशिपमुळे ती बातमी तेव्हा दाबली गेली. तुमच्या दालनात त्या काळातला तोफगोळा नक्की असेल. तो कुणी भरला हे त्याच पाटीवर लिहायला एक ओळ पुरते.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. मला आरत्या नको आहेत. बायकांचा इतिहास लिहायचा तर नाझी छळछावण्यांत पहारा देणाऱ्या, कैद्यांना मारणाऱ्या बायकाही त्यात आल्या पाहिजेत. राव्हेन्सब्रुकच्या छावणीत त्यांचं प्रशिक्षण होत असे. ज्यांच्यावर सैन्यांनी अत्याचार केले त्या बायकांविषयी एका परिच्छेदात लिहिणं मला अशक्य आहे, म्हणून इथे लिहीत नाही. दंतकथाही तपासूनच घ्या. पुरावा नसलेली शौर्यकथा एकदा उघडी पडली की तिच्याबरोबर दहा खऱ्या गोष्टींवरचा विश्वास जातो.

आणि पुरावा नाही असं कृपया म्हणू नका. तो तुम्ही शोधता त्या फडताळात नसेल. सेनापतींच्या खलित्यांत तो क्वचित सापडतो. पेन्शनीच्या नाकारलेल्या अर्जांत, पगारपत्रकांत, इस्पितळाच्या वह्यांत, कारखान्यातल्या अपघातांच्या नोंदींत आणि घरोघरच्या ट्रंकांमधल्या पत्रांत तो पडून आहे. टबमनचं शौर्य आपल्याला इतक्या तपशिलात कळतं, ते बरंचसं तिने पैशांसाठी केलेल्या अर्जांमुळे.

लंडनमध्ये व्हाइटहॉलवर दुसऱ्या महायुद्धातल्या महिलांचं स्मारक आहे, २००५ मध्ये उभारलेलं. एका उंच काळ्या ठोकळ्याच्या चारही बाजूंना खुंट्यांवर टांगलेले सतरा पोशाख. गणवेश, कामाचे डगले, टोप्या. आत कुणीच नाही, चेहरा नाही, नाव नाही. युद्ध संपलं, बायकांनी कपडे खुंटीला लावले आणि त्या घरी गेल्या, असा त्याचा अर्थ सांगतात. शिल्प म्हणून ते प्रभावी आहे. पण जवळपासच्या सेनापतींच्या पुतळ्यांना चेहरे आहेत, हे मनातून जात नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. ‘युद्धातील महिला’ ही काचपेटी उघडा आणि तिच्यातल्या वस्तू आपापल्या जागी नेऊन ठेवा. टेलिफोनचा स्विचबोर्ड त्या लढाईच्या नकाशाशेजारी, लक्ष्य ओढणारीचा फोटो वैमानिकांच्या रांगेत, सैन्यामागून चालणारीचा अर्धा शिधा रसदीच्या तक्त्यात. ‘सहाय्यक’ हा शब्द जिथे त्या काळचं अधिकृत पद म्हणून येतो तिथे राहू द्या, पण पुढे ती प्रत्यक्ष काय करत होती ते क्रियापदात लिहा : मोजत होती, उडवत होती, जोडत होती, भरत होती. दर्जा कधी नाकारला गेला आणि कधी मिळाला ती दोन्ही सालं लिहा.

एवढं सगळं एकदम जमणार नसेल तर विमानविरोधी तोफेपासून सुरुवात करा. ती बहुतेक संग्रहालयांच्या अंगणातच असते आणि पाटीवर तिचा व्यास, वजन, पल्ला आणि मिनिटाला किती गोळे हे सगळं असतं. खाली थोडी जागा शिल्लक असते. तिथे लिहा की निशाण्याचं गणित कोण करत होतं. पाटी बदलली की कळवा, मी येऊन वाचेन.

आपली,
युद्धांचा इतिहास वाचणारी एक वाचक